आधी पाय, मग पाहुणा

मांजरानं पाणी कसं प्यावं हे मांजरावर सोपवणारा आणि माणसानं घरात कसं शिरावं हे मात्र स्वतः ठरवणारा माणूस अख्ख्या मुंबईत नि तिच्या उपनगरांत एकच होता. तो म्हणजे हिचे मामा. 'हिचे' म्हणजे माझ्या बायकोचे. लग्नात मला सासरकडून एक घड्याळ मिळालं, एक अंगठी मिळाली आणि हे मामा मिळाले. घड्याळ वर्षभरात बंद पडलं, अंगठी बोटाला घट्ट होऊ लागली म्हणून काढून ठेवावी लागली, पण मामा शेवटपर्यंत उत्तम चालले आणि मला कधी घट्ट झाले नाहीत.

मामा मुलुंडला राहत. तेव्हाचं मुलुंड म्हणजे सरळ आखलेले रस्ते, दोन्ही बाजूंना बैठी घरं, घराच्या आवारात विहीर आणि मागे आंबराई. पश्चिमेला डोंगर. संध्याकाळी त्या डोंगरावरून बिबट्या खाली उतरतो असं सगळेजण सांगत, पण तो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस कधी भेटला नाही. मामांचा मात्र त्या बिबट्यावर गाढ विश्वास होता. ते गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणाऱ्या गोणी आणि पेटारे मोजायचे, आत काय आलं नि बाहेर काय गेलं याचा मेळ घालायचा, हे त्यांचं काम. माणूस दिवसभर हेच करून घरी आला की निदान मोजणं तरी थांबवील, पण मामा व्हरांड्यात पायातल्या वहाणा काढायच्या आधी आत वाकून विचारत, "तिघंही आत आहेत ना?" मामींनी "आहेत, आहेत" म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. ते स्वतः पलंगाखाली, कपाटामागे आणि तांदळाच्या डब्यापाठी जाऊन तिघांची खात्री करून घेत आणि मगच टोपी खुंटीला लावत. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना बरेच दिवस वाटत होतं की या घरात तीन फार द्वाड मुलं आहेत.

ती तीन मांजरं होती.

लग्नानंतर मामांनी आम्हां दोघांना जेवायला बोलावलं, तेव्हा माझी आणि त्या घराची पहिली भेट झाली. हिनं कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"मी आहे, मामा."

"एकटीच?"

"नाही हो, हेही आहेत बरोबर."

"या, या! जावईबापू, आधी पाय आत घाला. उजवा. आडवा घाला, आडवा!"

दार वीतभर उघडलं. सासरच्या माणसांची मला अजून पुरती ओळख नव्हती. नव्या नवरीला उंबऱ्यावरचं माप ओलांडायला लावतात, तसाच या घराण्यात नव्या जावयासाठी काही कुळाचार असेल असं मला वाटलं. मी मोठ्या श्रद्धेनं उजवा पाय आडवा आत घातला. त्याबरोबर कुणीतरी पोटरीला घट्ट मिठी मारली आणि माझ्या नव्या कोऱ्या पँटीत नखं रुतली. आतून मामा म्हणाले, "हलू नका. रावसाहेब आहेत. वास घेऊन झाला की सोडतील." रावसाहेबांचा वास घेऊन होईपर्यंत मी एका पायावर बाहेर आणि एका पायावर आत असा उभा होतो. मग खांदा आत, मग पोट आत, मग उरलेला पाहुणा आत, आणि माझ्या पाठीमागून ही सराईतपणे सुळकन आली. दार धाडकन लागलं, कडी पडली. "झकास!" मामा म्हणाले, "पहिल्याच खेपेला जमलं तुम्हांला. गोदीतल्या आमच्या साहेबांना तीनदा यावं लागलं होतं." एखाद्या परीक्षेत पास झाल्यासारखा मला आनंद झाला, हे मी नाकारत नाही.

पुढे बसायला गेलो तर खिडक्यांना जाळ्या. साध्यासुध्या नव्हेत, कोळ्यांची मासे धरायची जाळी. त्याचीही एक हकीगत होती. लोखंडी जाळी महाग पडते म्हणून मामा मार्व्याहून होडीनं खाडी ओलांडून मनोरीला गेले आणि तिथल्या एका कोळ्याकडून जुनं, विटलेलं जाळं खांद्यावर टाकून घेऊन आले. मोठ्या कौतुकानं त्यांनी ते प्रत्येक खिडकीला ताणून बसवलं. आता मांजर बाहेर जाणार नाही ही त्यांची अटकळ अगदी खरी ठरली. मांजरं बाहेर गेली तर नाहीतच, उलट सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिघंही खिडकीत बसून ते जाळं चाटत राहिली, आणि वास घेत आळीतली उरलेली सगळी मांजरं बाहेरच्या अंगाला येऊन बसली. मामींच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिरत नसे. त्यांनी ते जाळं उतरवून सोड्याच्या पाण्यात उकळलं, उन्हात टाकलं, पुन्हा उकळलं, आणि तरी पावसाळी हवेत त्या खिडकीशी बसलं की समुद्राची आठवण होई.

मामी सोवळ्याच्या. त्या मांजरांशी थेट कधी बोलत नसत. जे काही सांगायचं ते मामांमार्फत. "सांगा तुमच्या रावसाहेबांना, तो पाट जेवणाराचा आहे." किंवा, "विचारा तुमच्या लेकीला, दूध आवडलं नाही का?" मामा खरोखरच विचारत आणि उत्तरही आणून देत. मामींनी कधी मांजराला हात लावलेला मी पाहिला नाही. पण तिघांसाठी वेगळी काढून ठेवलेली साय मात्र कधी चुकली नाही.

जेवताना मला पाण्याचं फुलपात्र आलं ते वर झाकणी ठेवून. झाकणी काढून एक घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं, तर मामा ओरडलेच, "एका दमात, जावईबापू, एका दमात!" पण उशीर झाला होता. रावसाहेब, म्हणजे घरातला तो लठ्ठ पिवळा बोका, मानेपर्यंत तोंड घालून माझं पाणी पीत होता. त्याच्यासाठी कोपऱ्यात वाडगं भरून ठेवलेलं होतं, पण उष्ट्या पाण्याखेरीज त्याला दुसरं चालत नसे. ते उष्टंसुद्धा मांजराचं नको, माणसाचं हवं, आणि माणूस पाहुणा असला तर फारच उत्तम. दुसरी ठमी. ही काळी. तिला पाण्यात तोंड घालणं कमीपणाचं वाटे. ती डाव्या कुशीवर पडून पुढचा उजवा पंजा पाण्यात बुडवी, वर काढी, निथळू देई आणि मग चाटी. असं करत एक वाटी पाणी संपवायला तिला बराच वेळ लागे, आणि तेवढा वेळ मामा शेजारी बसून राहत, कारण ती पंजा झटकते तेव्हा वाटी कलंडते. "अहो, आपण आचमन नाही का करत? तसंच आहे हे," ते म्हणत. मामी पलीकडून म्हणत, "सांगा तिला, आचमन डाव्या कुशीवर पडून करत नाहीत."

आणि तिसरी कापशी.

कापशी खरं म्हणजे मामांची नव्हेच. ती कुसुमची. कुसुम मामांची एकुलती एक मुलगी. आमच्या लग्नाआधी तिचं लग्न झालं आणि ती भुसावळला गेली. कापशीला तिनं दुधाच्या बोळ्यावर वाढवलं होतं, पण सासूबाईंना मांजर नजरेसमोर चालत नसे, तेव्हा बरोबर नेणं शक्यच नव्हतं. पाठवणीच्या वेळी कुसुम आईच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडून रडली, आणि टांग्यात चढताना बापाला मात्र एवढंच म्हणाली, "बाबा, कापशीला बाहेर सोडू नका हं. वेंधळी आहे ती." मुलीनं जाताना बापाकडे मागितलेलं ते एकच. त्या दिवसापासून मामांच्या घराचं दार वीतभराच्या वर उघडेनासं झालं. विहिरीवर जाळीचं झाकण आलं, पाण्याच्या पिंपांवर फळी आणि फळीवर विटा आल्या, चुलीपुढे पत्रा उभा राहिला. कुणी हसलं की मामा म्हणत, "माझं असतं तर मी सोडलंही असतं हो. ही ठेव आहे."

तर या कापशीचं पाणी म्हणजे पडतं पाणी. साठलेल्या पाण्याकडे ती ढुंकून बघत नसे. वरून थेंब पडला पाहिजे आणि तो जिभेवर झेलता आला पाहिजे. सुरुवातीला मोरीतला नळ गळका होता तोवर तिचं ठीक चाललं होतं. एकदा मामींनी प्लंबर बोलावून त्याचा वायसर बदलून घेतला. मामा संध्याकाळी घरी येऊन बघतात तो कापशी कोरड्या नळाखाली तोंड वर करून बसलेली. दुसऱ्या दिवशी मामांनी त्याच प्लंबरला परत बोलावलं आणि नळ होता तसा गळका करून द्यायची विनंती केली. तो बिचारा मामांकडे बघतच राहिला. म्हणाला, "साहेब, गळकं बंद करायला शिकलोय मी. गळकं करायला कुठे शिकवतात?" शिवाय नळाला पाणी यायचं सकाळी. पुढे दिवसभर काय? मामा विचारात पडले. मग एके दिवशी ते माळ्यावर चढले आणि वडिलांच्या वेळचं अभिषेकपात्र खाली घेऊन आले. महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते, तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. पडवीतल्या कडीला त्यांनी ते साखळीनं टांगलं, खाली परात ठेवली आणि भांडं पाण्यानं भरलं. टप्. टप्. कापशी आली, थोडा वेळ वर बघत राहिली, आणि मग परातीत बसून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून पाणी पिऊ लागली.

मामी देवघरातून धावत आल्या. "अहो, हे काय? शंकराचं भांडं ते!"

"शंकराच्या अंगाखांद्यावर साप चालतो," मामा म्हणाले, "मांजराला काय नाही म्हणतोय तो?"

मामी आल्या पावली देवघरात परत गेल्या. पण ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं, हे फार पुढे कळलं.

कुसुमला पहिले दिवस गेले ते भुसावळला, आणि ते तिसऱ्या महिन्यात वाया गेले. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी जपायला सांगितलं आणि सातवा लागायच्या आत तिला माहेरी पाठवलं. ती आली त्या दिवशी आम्ही दोघं तिथेच होतो. दारात आडवा पाय घालणं तिला त्या अवस्थेत शक्य नव्हतं, म्हणून मामांनी रावसाहेब आणि ठमीला आधी खोलीत कोंडलं आणि त्या घराचं दार माझ्या देखत पहिल्यांदाच सताड उघडलं गेलं. कुसुमनं आत येताच हाक मारली, "कापशे!" कापशीला तेवढं भेटीसाठी बाहेर ठेवलं होतं, ती कपाटावर होती. तिनं एकदा कुसुमकडे पाहिलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. कुसुमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, हिनं ओळखलंच नाही हो मला!"

"ओळखलं गं. रुसलीय. एवढी वर्षं काढलीस तिकडे, एक दिवस तिला काढू दे."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुम जरा आडवी झाली तेव्हा कापशी खाली उतरली आणि तिच्या पोटाला पाठ टेकून झोपली. त्यानंतर ती तिथून हलेना. पाणी प्यायला पडवीत जायची तेवढीच. कुसुमचा रंग सुधारला, तिला जेवण जाऊ लागलं. मामा गोदीतून येऊन तिघांची मोजणी करत, मग हळूच त्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणत, "चौघं." मग पोटाकडे बघून, "साडेचार."

वैशाखात मामींनी डोहाळजेवण करायचं ठरवलं. भुसावळहून विहीणबाई येणार होत्या. घर सारवलं-पुसलं गेलं, आणि विहीणबाई यायच्या आदल्या दिवशी मामा घरी आले तर पडवीतली कडी रिकामी.

"अगं, भांडं कुठे गेलं?"

"ठेवलंय मी," मामी म्हणाल्या. "चार बायका येणार, त्यांना काय सांगू, मांजराचा अभिषेक चाललाय म्हणून? कार्य होऊ दे."

"आणि तोवर तिनं काय प्यायचं?"

"विचारा तिलाच."

मामांनी विचारलं नाही. ते तांब्या घेऊन परातीशी उकिडवे बसले आणि बारीक धार सोडत राहिले. पण माणसाच्या हाताला काही त्या भांड्याची सर येत नाही. कधी धार जाड होई, कधी तुटे, कधी मामांचा हात भरून येई. कापशी दोन थेंब घेऊन तोंड फिरवी. बाहेर ऊन असं की विहिरीवरची जाळीसुद्धा हाताला चटका देत होती.

डोहाळजेवणाच्या दिवशी मामांनी रजा घेतली आणि मला मदतीला बोलावलं. बायकांच्या कार्यात पुरुषांचं काय काम, असं त्यांना मामींनी विचारलंही. मामा म्हणाले, "आम्ही दारावर." पण हातात ओटीची ताटं, अंगावर नऊवारी शालू, केसांत गजरे अशा बायकांना 'आधी पाय आडवा घाला' म्हणून सांगायचं कसं? पहिलीलाच मामांनी चाचरत सांगून पाहिलं. ती म्हणाली, "इश्श!" आणि सगळं दार ढकलून आत गेली. मग मामांनी तिन्ही मांजरं कोळशाच्या खोलीत ठेवली, बाहेरून कडी घातली, वर सुतळीही बांधली. ही तेवढी आतल्या बातम्या आम्हांला आणून देत होती. कुसुमला फुलांची वाडी भरली. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक तिला उचलायला सांगितली, तिच्याखालून पेढा निघाला आणि बायका "मुलगा गं बाई!" म्हणून ओरडल्या.

सगळं सुरळीत पार पडायचं, पण विहीणबाईंना हात धुवायचे होते. परकं घर. त्यांनी समोर दिसलेलं पहिलं दार उघडलं, सुतळीसकट. त्यांची किंकाळी आम्हांला व्हरांड्यात ऐकू आली. आत धावलो तर ठमी त्यांच्या पाटावर बसून पन्ह्याच्या वाटीत पंजा बुडवत होती आणि रावसाहेब त्यांच्याच उष्ट्या फुलपात्रात मानेपर्यंत उतरले होते. बायकांची पळापळ, लहान मुलींचं हसणं, विहीणबाईंचं "अहो, हाकला, हाकला!" अशा गोंधळात मामांनी दोघांना बखोटीला धरलं. मग ते एकदम थांबले आणि त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. ते सताड उघडं होतं.

"कापशी?" ते म्हणाले.

कापशी घरात नव्हती. कपाटावर नव्हती, कुसुमच्या पलंगावर नव्हती, पडवीत नव्हती. कुसुमनं फुलांच्या वाडीसकट सगळ्या खोल्या धुंडाळल्या आणि मग ती मटकन खाली बसली. तिनं समोरचं ताट बाजूला सारलं. "मी आले आणि तीच गेली," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. "कुणाला तरी जावंच लागतं का गं, आई?" मामी तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते सगळ्यांनाच आठवत होतं.

मामांनी पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि मला म्हणाले, "चला." तांब्या कशाला ते मला रस्त्यावर गेल्यावर समजलं. कापशी हाकेला येणाऱ्यातली नव्हे, पण पडत्या पाण्याच्या आवाजाला येईल असा मामांचा हिशेब होता. ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबत, दगडावर तांब्यातून बारीक धार सोडत आणि कान देऊन उभे राहत. तांब्या संपला की सार्वजनिक नळावर भरून घेत. भर उन्हात डोक्यावर टोपी न घालता, धोतराचा सोगा हातात धरून गल्लोगल्ली पाणी सोडत जाणारा हा गृहस्थ पाहून लोक दारात येऊ लागले. एका आजीबाईंनी तर लांबूनच नमस्कार केला. एक ओळखीचे गृहस्थ गॅलरीतून म्हणाले, "काय हो मामा, कसली शांत करताय?"

"मांजर गेलंय."

"मांजर ना? मग येईल की आपण होऊन. कुठे जातंय?"

"तुमचं येत असेल आपण होऊन," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आमचं सांभाळायला दिलेलं आहे."

टांग्यांच्या अड्ड्यावर टांगेवाले म्हणाले, "साब, बिल्ली है की गाय? इतना पानी!" पण एकानं आपण होऊन घोड्याचा हौद पाहिला आणि दुसरा मिठागराकडच्या रस्त्यावर बघून आला. मामांनी हातातला तांब्या एकदाच खाली ठेवला, मला म्हणाले, "मुलगी दारातून दिली ना, जावईबापू, तेव्हा मला कळलं. एकदा दार उघडलं की आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून हो ते सगळं. पाय आडवा वगैरे. लोक हसतात ते ठाऊक आहे मला." मी तांब्या उचलला आणि पुढच्या गल्लीत धार धरली.

उन्हं कलली तेव्हा आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. बायका पांगल्या होत्या. कुसुम भिंतीकडे तोंड करून पडली होती, ताट तसंच. मामी व्हरांड्यात उभ्या होत्या, अंगावर कार्याचा शालू तसाच. मामा पायरीवर बसले. मामी म्हणाल्या, "देवळात बघितलंत?"

"देवळात कशाला?"

"ते भांडं मी तिथे दिलंय." मामी म्हणाल्या. "आंबराईतल्या महादेवाला. गेल्या खेपेला तिचं असं झालं, तेव्हापासून मनात होतं माझ्या. देवाचं भांडं आपण मांजराला लावलं, त्याचाच दोष लागला की काय... या वेळी तरी पोरीचं नीट पार पडू दे म्हणून बोलले होते मी. वैशाखाची गळती बांधली त्याची देवावर."

मामा चिडतील असं मला वाटलं. पण ते उठले आणि म्हणाले, "चल. तूही चल."

आंबराईतलं ते देऊळ अगदी लहान. आत शिरलो तर गाभारा गार होता आणि समईच्या उजेडात मामांच्या वडिलांचं ते तांब्याचं भांडं पिंडीवर टांगलेलं होतं. टप्. टप्. आणि शाळुंकेच्या काठावर चारी पाय गोळा करून, डोळे मिटून, मान वर करून कापशी बसली होती. एक थेंब देवावर पडत होता आणि एक तिच्या जिभेवर. गुरव दाराशीच उभा होता. म्हणाला, "दुपारपासनं बसलीय बघा, बाई. दोनदा हाकलली, परत येऊन बसतीय. मग म्हटलं, त्याला चालतंय तर आपण कोण?"

मामा हळूच पुढे झाले आणि त्यांनी हात पसरले. कापशीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तेव्हा मामी उंबरा ओलांडून आत गेल्या. त्यांनी महादेवाला हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. मग शालूच्या पदरात त्यांनी ते ओलं मांजर उचलून घेतलं आणि छातीशी धरलं. "किती गं तहान लागली होती तुला," त्या म्हणाल्या. मामांमार्फत नव्हे, थेट तिला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "आंघोळ करावी लागेल तुला आता."

"करीन," मामी म्हणाल्या, आणि घरापर्यंत त्यांनी कापशीला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. कुसुमच्या पोटाशी तिला ठेवलं, मग कुसुमसाठी ताट पुन्हा गरम केलं, आणि ती जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आंघोळीचं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं.

देवाला दिलेलं भांडं परत घेता येत नाही. मामी स्वतः बाजारात तांबटाकडे गेल्या. ही बरोबर होती, तिनं मला सांगितलं. मामींनी भांडं वाजवून घेतलं आणि तांबटाला बजावलं, "भोक बारीक पाडा. धार नको, थेंब हवा." त्यानं विचारलं, "कुठल्या देवळाला द्यायचंय, बाई?" मामी म्हणाल्या, "आहे एक, आमच्या पडवीत."

कुसुमला मुलगी झाली, वाटीखालचा पेढा खोटा ठरला. विहीणबाई बारशाला आल्या तेव्हा मामांनी त्यांच्यासाठी झाकणीचं फुलपात्र वेगळं ठेवलं होतं, आणि या वेळी दारात त्यांनी न सांगता पाय आडवा घातला. ती पोर रांगायला लागली तशी पहिली गेली ती पडवीतल्या परातीकडे. कुसुम तिला आजोळी घेऊन आली की एका बाजूला कापशी आणि दुसऱ्या बाजूला ती, दोघी तोंड वर करून थेंब झेलत. मामा त्यांच्याकडे बघत बसत आणि त्या वेळी ते काहीही मोजत नसत.

पुढे एकेक करून ते घर रिकामं होत गेलं. आधी रावसाहेब गेले, मग ठमी. कापशी पुष्कळ म्हातारी होऊन गेली, मामांच्या मांडीवर. मामांनी तिला आंबराईत पुरलं आणि घरी येऊन भांडं भरून ठेवलं. नवीन मांजर त्यांनी आणलं नाही. 'ठेव होती ती परत गेली,' असं काहीतरी ते म्हणत. आणि मग एका पावसाळ्यात मामाही गेले. मुलुंडातही हळूहळू बैठी घरं पडून माड्या उठू लागल्या.

त्यानंतर मी एकदा सहज त्या बाजूला गेलो होतो, म्हणून मामींना भेटायला गेलो. कडी वाजवली. "कोण?" म्हणून आतून आवाज आला. मी नाव सांगितलं. दार उघडलं आणि मी सवयीनं उजवा पाय आडवा आत घातला, मग खांदा.

मामी हसल्या. त्या बऱ्याच वाकल्या होत्या. "अहो जावईबापू, सरळ या," त्या म्हणाल्या. "आता पळून जाणारं कुणी राहिलं नाही."

पडवीतून थेंबांचा आवाज येत होता. मी सरळ आत गेलो. आणि माझ्या पाठीमागे मामींनी दार चटकन लावून घेतलं, कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही ते हातानं चाचपून पाहिलं.